बर्फाचं शून्य

"साहेब, खोली गोठतेय," मुकादमबाई दारातूनच म्हणाल्या.

मी मान वर केली नाही. शुक्रवारची दुपार होती, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन स्टुलावर बसलो होतो आणि पडद्यावर चार आकडे दर मिनिटाला बदलत होते. त्यातला सगळ्यात खालचा आकडा होता दोन पूर्णांक एक.

"दोन पॉइंट एक आहे बाई. दोनच्या खाली गेली की मग गोठण्याचं बोला."

त्यांनी हातातला काचेचा थर्मामीटर माझ्या नाकासमोर धरला. लाल रेघ शून्याच्या अर्धा घर खाली थांबली होती. मी त्याच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी शाळेत शिकवावं तसं म्हणालो, "त्यात दोन पॉइंट आठ मिळवायचे. बुधवारी कागद दिलाय ना तुम्हाला?"

आज ते वाक्य आठवलं की कान तापतात. पण तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, पुण्याच्या एका कंपनीनं मला पहिल्यांदाच एकट्याला कामावर पाठवलं होतं आणि शहाणपण नुसतं ओसंडत होतं.

काम साधं होतं. कुडावे बंदर या तालुक्याच्या गावी सरकारी लसभांडार होतं. तिथं लसी ठेवायची एक थंड खोली होती, माणूस आत उभा राहील एवढी. त्या खोलीत चार ठिकाणी तापमान मोजणारे प्रोब बसवायचे, त्यांच्या वायरी बाहेरच्या, आकडे नोंदवणाऱ्या डेटालॉगरला जोडायच्या, सगळं बरोबर मोजतंय याची खात्री करायची आणि सही घेऊन निघायचं. बुधवारी पोचायचं, रविवारच्या चारच्या एसटीनं परत.

खोलीत त्या वेळी बाराशे मुलांची त्रिगुणी लस होती. सोमवारी सकाळी ती आठ उपकेंद्रांवर टोचली जायची होती. या लसीला ऊन सोसत नाही आणि गोठणंही सोसत नाही, दोन ते आठ अंशांमध्येच ती जगते. गोठून पुन्हा वितळली तर बाटली बघून सहजी कुणाला कळत नाही. टोचली तर पोर रडतं ते तसंच रडतं, फक्त औषधातलं बळ गेलेलं असतं. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिन्ही दारं उघडी राहतात आणि आई मात्र निर्धास्त होऊन घरी जाते.

भांडार सांभाळत होत्या जैतून मुकादम, तिथल्या औषधनिर्मात्या. पांढरा कोट, डोक्यावरून पदर, चष्म्याला दोरी. निवृत्तीला चार महिने राहिले होते. अकरा वर्षं त्या सकाळ-संध्याकाळ त्या काचेच्या थर्मामीटरवरचा आकडा वहीत लिहीत आल्या होत्या. साडेचार, साडेचार, चार, साडेचार. मी ती वही चाळली होती आणि डॉक्टरांसमोर हसून म्हटलं होतं की इतकं सरळ तापमान निसर्गात नसतं, फक्त वहीत असतं. बाईंनी ते ऐकलं होतं. वही मिटून त्यांनी शांतपणे कपाटात ठेवली होती.

बुधवारी मी पोचलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. शिपायानं तांब्या आणून दिला. मी तोंडाला लावणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आधी जरा चाखून बघा हां साहेब. भरतीच्या दिवसांत विहीर मचूळ होते."

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पाण्याला चव विचारत नाहीत, मिळालं की पितात. मी अख्खा तांब्या रिकामा केला आणि तोंड पुसून कामाला लागलो.

प्रोब नवे असले तरी लावायच्या आधी तपासायचे, असं आमच्या घोलप सरांनी शिकवलं होतं. प्रयोगशाळेचा दाखला सोबत असतो, त्यावर चूक दोन दशांशाच्या आत असं छापलेलंही असतं. पण सर म्हणायचे, दाखला माणूस लिहितो, बर्फ निसर्ग लिहितो. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ भरायचा, शुद्ध पाणी घालून लगदा करायचा आणि प्रोब त्यात खोल बुडवायचा. काठाला टेकू द्यायचा नाही, अधूनमधून ढवळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. वितळत्या बर्फाला शून्याशिवाय दुसरं काही येतच नाही. प्रोबनं शून्य दाखवलं तर तो खरा, नाहीतर जेवढा फरक पडेल तेवढी दुरुस्ती लॉगरमध्ये भरायची.

भांडारात बर्फ होता, पण तो प्लास्टिकच्या बंद पिशव्यांमध्ये. त्या फोडायला बाईंनी ठाम नकार दिला. सोमवारी लसीचे डबे त्यांच्यावरच जाणार होते. मग शिपायानं सांगितलं, बंदरावर सुभद्राकाकी तारींकडे जा, पाहिजे तेवढा मिळेल.

काकी बर्फाच्या लाद्या लाकडी मोगरीनं फोडत होत्या. लुगड्याचा काष्टा, कोपरापर्यंत ओले हात आणि भोवती मासेवाल्या बायांची रांग. मी माझा स्टीलचा डबा पुढं केला आणि म्हटलं, जरा चांगला गार बर्फ द्या.

"कित्याक होया?"

"दवाखान्यात. लहान मुलांच्या लसीच्या कामाला."

काकींचा हात थांबला. समोरच्या ढिगातला बर्फ त्यांनी फावड्यावर घेतला होता, तो परत टाकला. रांगेतल्या बायांना थांबायला सांगून त्या आतल्या अंगाला त्यांच्या स्वतःच्या पेटीकडे गेल्या. तिथं काय केलं ते त्यांच्या पाठीमुळं मला दिसलं नाही. डबा भरून आणला, वर गोणपाटाचा तुकडा बांधला आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "पोरांचा औषध ता. ह्याच्यापेक्षा गार बर्फ तुका आख्ख्या बंदरात गावाचो नाय."

मला बरं वाटलं. परक्या गावात कुणी आपलं काम ओळखून आपल्याला रांगेच्या पुढं घेतलं की वाटतंच.

थर्मास भरला, पाणी घातलं, चारही प्रोब बुडवले. पंधरा मिनिटांनी पडद्यावर आकडे स्थिर झाले. उणे दोन पूर्णांक आठ. उणे दोन पूर्णांक आठ. उणे दोन पूर्णांक सात. उणे दोन पूर्णांक आठ.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे चारही कमी दाखवतायत. प्रवासात धक्के बसले असणार."

"चौघांना सारखेच?"

"एकाच खोक्यातून आले ना."

हे मी बोललो. अगदी याच शब्दांत. वर त्यांचा काचेचा थर्मामीटर मागून घेतला आणि तोही त्याच थर्मासमध्ये उभा केला. त्याचीही रेघ शून्याच्या खाली जवळजवळ तीन घरं गेली. मला तर घबाड सापडल्याचा आनंद झाला. मी म्हटलं, बाई, तुमचा हा अकरा वर्षं खोटं बोलतोय, तुमचे साडेचार म्हणजे प्रत्यक्षात सात पॉइंट तीन. लॉगरमध्ये चारही प्रोबना अधिक दोन पूर्णांक आठ अशी दुरुस्ती भरली आणि ते खोलीत लावले. दाराजवळच्या प्रोबनं आठ पूर्णांक नऊ दाखवलं. आठाच्या वर! लस उबतेय! मी धावत जाऊन डॉक्टर परुळेकरांना सांगितलं. तालुक्याचे आरोग्य अधिकारी तेच होते. ते घाबरले आणि बाईंवर उखडले. मी खोलीचं बटण फिरवून तापमान तीन अंशांनी खाली आणलं, वर थोडं आणखी, उगाच धोका नको म्हणून.

त्या संध्याकाळी बाई वहीत काही लिहीत नव्हत्या. पेन उघडं धरून नुसत्याच बसल्या होत्या.

आणि म्हणून शुक्रवारी त्या दारात थर्मामीटर घेऊन उभ्या होत्या. माझ्या मनात कुठंतरी खुट्ट झालं नव्हतं असं म्हणणार नाही. गुरुवारची रात्र मी लॉजवर कूस बदलत काढली होती. चार नवे प्रोब सारखेच कसे बिघडतील, हा प्रश्न मलाही चावत होता. पण जो माणूस दोन दिवसांपूर्वी सगळ्यांसमोर मिशीला पीळ देऊन बसलाय त्याला तो पीळ सोडवत नाही. मी स्वतःला समजावलं की शंका आली तर पुन्हा मोजावं, शास्त्र यालाच म्हणतात. डबा घेतला आणि परत बंदरावर गेलो.

काकींनी लांबूनच ओळखलं. "इलो माझो डॉक्टर," म्हणाल्या आणि न विचारता आतल्या पेटीकडे वळल्या.

पुन्हा थर्मास, पुन्हा पंधरा मिनिटं. या वेळी उणे दोन पूर्णांक नऊ. मी सुटकेचा श्वास सोडला. दोनदा मोजलं, दोनदा तेच आलं, आता आणखी काय हवं?

बाई माझ्या खांद्यामागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? तुमचे चार आणि माझा एक, पाच जण एकच गोष्ट सांगतायत. तुमच्यातच म्हणतात ना, पाचामुखी परमेश्वर? मग पाचांनाही खोटं कसं ठरवता?"

"कारण बर्फ खोटं बोलत नाही, बाई."

त्यांनी खोलीत जाऊन पंख्यासमोरच्या फळीवरून एक बाटली काढून आणली. दुसरी एक बाटली त्यांनी सकाळीच मुद्दाम बर्फाच्या कपाटात गोठवून वितळवून ठेवली होती. दोन्ही एका मुठीत धरून गदागदा हलवल्या आणि खिडकीत शेजारी शेजारी उभ्या केल्या. गोठलेल्या लसीचा गाळ भराभर खाली बसतो, चांगली लस बराच वेळ ताकासारखी गढूळ राहते. जुन्या माणसांची ही तपासणी, तिला यंत्र लागत नाही. अर्धा तास बसा आणि बघा, एवढंच त्या म्हणाल्या.

मी बसलो नाही. मला अहवाल छापायचा होता.

शनिवारी सकाळी डॉक्टर परुळेकरांच्या टेबलावर माझा आलेख होता. चार रंगांच्या चार रेघा, सगळ्या दोन आणि आठच्या मध्ये, शिस्तीत. त्याच्या शेजारी बाईंनी अर्ध्या तासापूर्वी पुन्हा हलवलेल्या त्या दोन बाटल्या ठेवल्या. दोन्हींच्या तळाशी पांढरा थर होता आणि वर निवळ पाणी. बाई म्हणाल्या, पंख्यासमोरच्या तीन फळ्या गोठल्यात, ही लस जाऊ देऊ नका, मी पाठवणीच्या कागदावर सही करणार नाही.

डॉक्टर कात्रीत सापडले होते. जिल्ह्याहून सकाळपासून दोनदा फोन आला होता. मोहीम पुढं ढकलायची तर कारण काय द्यायचं, बाईंनी बाटली हलवून पाहिली असं? त्यांनी आलेख उचलला, बाटल्या उचलल्या, परत ठेवल्या. मग माझ्याकडे वळले.

"इंगवले, तुमची खात्री आहे?"

एक शब्द मागे घ्यायला तेवढीच जागा होती. मी बाईंकडे पाहिलं नाही.

"बर्फाला शून्याशिवाय काही येत नाही, सर. दोनदा तपासलंय."

डॉक्टरांनी स्वतः सही केली. बाईंना कामात अडथळा आणल्याबद्दल लेखी खुलासा मागितला, तोही तिथंच, माझ्यासमोर. दुपारी दोनपर्यंत जीप लसीचे डबे घेऊन सात उपकेंद्रांना जाऊन आली, आठव्याचा डबा होडीनं खाडीपलीकडे गेला. बाई फाटकाशी उभ्या राहून प्रत्येक डबा मोजत होत्या, जणू परत आणायचे तेव्हा चुकायला नको.

रविवारी चारला माझी एसटी. स्टँड बंदरालाच लागून. मी पावणेचारला खिडकीजवळच्या जागेवर बॅग टाकली आणि घरी सुरमई न्यावी म्हणून काकींकडे गेलो. आईनं समुद्राचा मासा कधी खाल्ला नव्हता. काकींनी मासा निवडून दिला, थर्माकोलच्या खोक्यात घातला, वर त्याच आतल्या पेटीतला बर्फ रचला. मग शेजारच्या गोणीत हात घालून मूठभर जाडं मीठ काढलं आणि बर्फावर भुरभुरलं. आणखी एक मूठ काढली.

"काकी, मीठ कशाला?"

"अरे, मीठ मारल्याशिवाय बर्फाक जोर येणा नाय. लांब जातलो मासो. साधो बर्फ नुसतो पाणी होता, मिठाचो कसो चावता बघ हाताक."

विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"मी दोनदा नेला, त्यातही होतं मीठ?"

"होता तर! पोरांच्या औषदाक म्हणालंस म्हणान मुद्दाम दोन मुठी घातलंय. तुका काय साधो बर्फ देतलंय मी?"

त्या हसत होत्या. एवढ्या प्रेमानं माझा कुणी घात केला नव्हता. मिठानं बर्फ शून्याच्या खाली उतरतो हे मी सहावीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं आणि गुण मिळवले होते. पाचही जण खरं बोलत होते. खोटं बोलत होता तो एकटा बर्फ, आणि मी त्याच्याच बाजूनं साक्ष दिली होती.

मागं कंडक्टरनं घंटी मारली. पाय एसटीकडे वळले, खोटं कशाला सांगू. काकींना काही माहीत नव्हतं आणि बाकी कुणाला कळायची सोय नव्हती. खोलीत माझाच लॉगर होता, तो म्हातारपणापर्यंत दोन पूर्णांक एक दाखवत राहिला असता. लस टोचली गेली असती, पोरं रडून गप्प झाली असती. कधीतरी, दोन-चार वर्षांनी, एखाद्या घरात एखादं पोर घशात पडदा धरून तडफडलं असतं आणि लोक म्हणाले असते, नशीब. मी एसटीत चढलो. बॅग ओढून घेतली आणि उतरलो.

मुकादमबाईंचं घर मोहल्ल्याच्या टोकाला होतं. मी धापा टाकत पोचलो तेव्हा त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना हातातलं खोकं खाली ठेवायचंही सुचलं नाही, त्यातलं पाणी माझ्या बुटांवर ठिबकत होतं. बाईंनी खोक्याचं झाकण उघडलं, बर्फाचा एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

"या गावात पाणी आधी चाखतात, साहेब. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

मला वाटलं, आता त्या बोलतील. अकरा वर्षांची वही, डॉक्टरांसमोरचं ते हसणं, खुलाशाचा कागद. मी ऐकून घ्यायला तयार होतो, खरं तर मला ते हवंच होतं. पण त्यांनी सूप बाजूला सारलं आणि पायात चपला घातल्या.

"आठातल्या पाच ठिकाणी फोन आहे. दोन ठिकाणी जीप जाईल. खाजणवाडी खाडीपलीकडे, तिथं होडीशिवाय गती नाही. चला."

डॉक्टर परुळेकर दुपारची झोप मोडल्याच्या तिरमिरीत बाहेर आले आणि ऐकता ऐकता खुर्चीत बसले. मग म्हणाले, तांत्रिक कारणानं मोहीम आठ दिवस पुढं ढकलली असं लिहून द्या, मोघम. बाईंच्या खोलीत बिघाड झाला असंही चालेल, त्यांचा खुलासा तसाही मागितलेलाच आहे. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी कागद घेतला आणि लिहिलं: प्रोब तपासण्यासाठी मी वापरलेल्या बर्फात मीठ होतं. ते मी पाहिलं नाही. औषधनिर्मात्या मुकादम यांनी तीन वेळा सावध केलं, ते मी ऐकलं नाही. खाली नाव, हुद्दा, सही. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग टेबलाच्या खणातून खुलाशाच्या पत्राची प्रत काढून फाडली.

खाजणवाडीला संध्याकाळी होडी जात नव्हती, म्हणून सोमवारी सकाळी पहिल्या होडीनं आम्ही दोघं निघालो. टोचणी नऊला होती, आम्ही साडेसातला पोचणार होतो. पण ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. तासभर आम्ही खाडीच्या मधोमध बसून होतो. मी उठत होतो, बसत होतो, घड्याळ बघत होतो. शेवटी होडीवाल्यानं सांगितलं की तू असाच नाचलास तर होडी आणखी रुतेल. बाई छत्री उघडून शांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ओहोटीला बाया तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला खाडीत उतरतात, म्हणजे आज त्या आधी टोचणी उरकायला पोरांना घेऊन लवकर आलेल्या असणार. हे ऐकल्यावर मी पँट वर केली आणि चिखलात उडी टाकली.

मांडीपर्यंत चिखल तुडवत मी उपकेंद्राच्या ओट्यावर पोचलो तेव्हा एकच पोर टोचून झालं होतं. पहिलंच. नर्सबाई दुसऱ्यासाठी सुई भरत होत्या. मी ओरडून त्यांना थांबवलं. ओट्यावर पंधरावीस आया होत्या, सगळ्या माझ्याकडे, माझ्या पायांकडे बघू लागल्या. टोचलेलं पोर आईच्या खांद्यावर हुंदके देत होतं. आई विशीतली, कमरेला तिसऱ्यांची टोपली.

नर्सबाई काहीतरी गुळमुळीत सांगणार होत्या. मीच पुढं झालो आणि म्हणालो की ही लस खराब आहे, अपाय होणार नाही पण उपयोगही होणार नाही, पुढच्या सोमवारी पुन्हा टोचावी लागेल. आणि चूक माझी आहे.

आईनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"म्हणजे आजचा ह्येचा रडणा फुकट गेला?"

मी म्हटलं, "हो."

तिनं पोराचं नाक पदरानं पुसलं. "बरा झाला, खरा सांगितलंस. आता फुडल्या टायमाक तूच येऊन धर ह्येका."

बाकीच्या बाया हसल्या. मी हसलो नाही. कंपनीनं मला तार करून परत बोलावलं होतं, पुढं वर्षभर एकट्याला कुठंही पाठवलं नाही. पण ते आठ दिवस मी रजा टाकून कुडाव्यात राहिलो. लॉगरमधली दुरुस्ती पुसली, बटण होतं तिथं आणलं, पंख्यासमोरच्या फळ्यांवर लस ठेवायची नाही अशी पाटी लावली. नवी लस जिल्ह्याहून आली. काकींकडे जाऊन बिनमिठाचा बर्फ मागितला तर त्या रुसल्या. म्हणाल्या, तसलो तर मी गिऱ्हायकांक दितंय. मिठाचं काय झालं ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आधीचा बर्फ फार छान होता, एवढंच म्हटलं. मग लादीचा खडा जिभेवर ठेवून बघितला, गोडा होता. तेव्हापासून मी कुठंही गेलो तरी आधी बर्फ चाखतो. हाताखालची मुलं हसतात, हसू देत.

त्या बर्फात पाचही जणांनी शून्य दाखवलं. बाईंनी अकरा वर्षांची वही कपाटातून काढली, मधली पाच दिवसांची जागा तशीच कोरी ठेवली आणि पुढच्या ओळीत लिहिलं, साडेचार.

दुसऱ्या सोमवारी भरती होती, होडी सरळ ओट्याखाली लागली. ती आली होती. पोर तिनं न बोलता माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानं माझी मधली तीन बोटं घट्ट धरली. बाईंनी लसीच्या डब्यातला काचेचा थर्मामीटर बाहेर काढला, चष्मा सावरून वाचला आणि मग मला वाचायला दिला. नर्सबाईंनी सुई टोचली. पोर एक क्षण माझ्याकडे अविश्वासानं बघत राहिलं आणि मग त्यानं असा टाहो फोडला की होडीवाला खालून बघायला आला. माझी बोटं काही त्यानं सोडली नाहीत.

त्याची आई जवळ येऊन वाकली, त्याच्या ओल्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता ह्या रडणा कामाक इला."